ठिबक आलं, मग पाणी गेलं कुठं? यावल तालुक्यातल्या एका केळीबागेचं प्रकरण

आप्पा म्हणजे माझे थोरले मामा. त्यांच्या माजघरातल्या लोखंडी कपाटात २००४ सालापासूनच्या वह्या आहेत. लागण कधी केली, रोपं किती आणली, रास (घडाचं सरासरी वजन) किती किलोची पडली, व्यापाऱ्यानं कट्टी (वजनातली कपात) किती लावली, मजुरी किती झाली, सगळं निळ्या शाईत. हे हिशेब बहुतेक केळीवाल्यांकडे सापडतील. आप्पांच्या वहीत आणखी एक गोष्ट असते. शेवटच्या पानावर एक ओळ: ‘पाईप २ टाकले.’ कधी ३, कधी १. बोअरमधलं पाणी खाली गेलं की मोटर खाली सोडावी लागते आणि ती सोडायला वरून पाईप वाढवावा लागतो. त्याची ही नोंद.

२००६ साली मोटर १६० फुटांवर होती. २०२४च्या उन्हाळ्यात ती ३३० फुटांवर गेली. मधल्या काळात, २००७ मध्ये, आप्पांनी सगळ्या बागेला ठिबक केलं. म्हणजे पाणी वाचवायचं यंत्र आल्यानंतर पाणी दुपटीहून थोडं जास्तच खोल गेलं. पाऊस कमी झाला, असं म्हणून हा विषय संपवता येत नाही. हवामान बदलाशी लढायला खासगी उद्योग काय करू शकतो आणि त्याचे हात कुठं थांबतात, हे या एका वहीतून जितकं कळतं तितकं मला कुठल्या परिषदेत कळलं नाही.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विंधन विहीर घ्यायला मनाई आहे आणि हा कायदा २०१४ पासून लागू झाला. ६० मीटर म्हणजे १९७ फूट. आमच्या पट्ट्यात एवढ्या खोलीवर उन्हाळ्यात मोटर फक्त गरम होते. बाकी तुम्ही समजून घ्या.

गाव जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आणि तापीच्या उत्तरेला आहे. इथली जमीन म्हणजे डोंगरातून वाहून आलेला गाळ आणि वाळू-गोटे, शेकडो फूट जाडीचे. दक्षिण महाराष्ट्रात काळा पाषाण लागतो, तसं इथं होत नाही. पाणी मुरतं छान आणि उपसताही येतं छान. म्हणूनच रावेर-यावल हा केळीचा बालेकिल्ला झाला. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून केळी रेल्वेनं थेट दिल्लीला जायची. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि हेच दोन तालुके केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनात ‘अतिशोषित’ म्हणून नोंदले गेले. म्हणजे दरवर्षी जेवढं मुरतं, त्याहून जास्त उपसलं जातं.

ठिबकवाल्यांचं देणं

उद्योगानं इथं काय केलं, ते आधी नीट मान्य करू. टीका करायची तर तेवढा प्रामाणिकपणा लागतो.

खान्देशात ठिबक म्हटलं की नाव निघतं जळगावच्या जैन उद्योगसमूहाचं. भवरलाल जैन जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे. १९६३ साली रॉकेलच्या व्यवसायापासून त्यांनी सुरुवात केली. १९७८ मध्ये केळीची भुकटी करणारा एक बंद कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला लागले. पुढं पीव्हीसी पाईप आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस ठिबक. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की त्यांनी नुसत्या नळ्या विकल्या नाहीत. शेतकऱ्यांना गाडीत घालून जैन हिल्सवर, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या शेतांवर नेलं, उभी बाग दाखवली, बांधावर कृषितज्ज्ञ पाठवले. सरकारी विस्तार यंत्रणेचं जे काम होतं, त्यातलं बरंच एका कंपनीनं स्वतःच्या विक्रीसाठी का होईना, पण केलं. २००८ मध्ये भवरलालजींना पद्मश्री मिळाली. २०१६ मध्ये ते गेले, तेव्हा आमच्या गावातल्या पारावर त्यांची आठवण कुणी उद्योगपती म्हणून काढली नाही. ‘ठिबकवाले भाऊ’ एवढंच.

दुसरी देणगी ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपांची. आधी बसराई, श्रीमंती या जातींचे कंद लावायचे. बाग सोळा-अठरा महिने चालायची आणि निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, मागंपुढं व्हायची. ग्रँड नैनची, म्हणजे आमच्या भाषेत जी-नाईनची, रोपं आली आणि सगळी बाग एकदम निसवायला लागली, अकरा-बारा महिन्यांत कापणीला आली. पाच बाय पाच फुटांवर एकरी १७४२ झाडं. मोठ्या झाडाला एप्रिल-मेमध्ये रोज २० लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे एकराला रोज ३५ हजार लिटर. जळगावचा पारा ४५च्या वर गेला की दोन दिवस पाणी चुकलं तरी पानं करपतात, घड अर्ध्यात मोडतो. अशा उन्हात पाटाच्या पाण्यावर आजची बाग जगवणं अवघड आहे. ठिबक नसतं तर खान्देशातली निम्मी केळी गेल्या दहा वर्षांतच गेली असती, असं माझं मत आहे.

ठिबकमधून खत देता येतं हा आणखी एक फायदा. युरिया वरून हातानं टाकला की त्यातलं बरंच नत्र वाया जातं आणि काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट तापवणारा. थोडं थोडं खत मुळाशी गेलं की हा तोटा कमी होतो. कंपन्यांच्या जाहिरातीत याचा उल्लेख मी क्वचितच पाहिला. विकायला सोपं असतं ते उत्पन्न.

तर मग पाणी गेलं कुठं?

इथं आप्पांचीच गोष्ट सांगतो. पाटानं पाणी द्यायचे तेव्हा त्यांची केळी तीन एकर होती. बाकी जमिनीत ज्वारी, हरभरा, थोडा कापूस. पाटाच्या केळीला वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाणी लागतं, असं धरू. एकराला साधारण ८१ लाख लिटर झालं. तीन एकराचं २४३ लाख लिटर.

ठिबकनं ४५ टक्के बचत होते, असं धरू. हा आकडा कंपन्याही सांगतात आणि तो खोटा नाही. एकराला ४४-४५ लाख लिटर. तीन एकरातच राहिलं असतं तर वर्षाला ११० लाख लिटर पाणी जमिनीत राहिलं असतं.

पण आप्पा तीन एकरात राहिले नाहीत. राहिले असते तर मीच त्यांना वेड्यात काढलं असतं. त्याच मोटरवर, त्याच आठ तासांच्या विजेत आता साडेपाच एकर भिजायला लागले. साडेपाच गुणिले साडेचव्वेचाळीस लाख: २४५ लाख लिटर. जेवढं आधी उपसत होते तेवढंच, थोडं जास्तच.

आप्पांना हा हिशेब मांडून दाखवला, तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, “तुले सांगतो भाचा, पाणी नाही वाचलं. वावर वाढलं.”

हे तरी वरवरचं गणित आहे. खरी मेख पुढं आहे. पाटानं पाणी द्यायचे तेव्हा त्यातलं बरंच मुळांच्या खाली उतरून परत भूजलात जायचं. आमच्यासारख्या गाळाच्या जमिनीत तर नक्कीच. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते वाया, गावाच्या दृष्टीनं ती परतफेड. ठिबकनं ती परतफेड बंद केली. झाड जेवढं पाणी पानांतून हवेत सोडतं, तेवढंच पाणी गावाच्या खात्यातून खरोखर खर्च होतं. ठिबकनं झाड कमी पितं असं नाही. उलट झाड जोमदार होतं आणि घड मोठा पडतो. म्हणजे उपसा तेवढाच आणि परत येणारं पाणी कमी. वहीतल्या ‘पाईप २ टाकले’चा उलगडा मला इथं झाला.

याला कंपनी दोषी आहे का? माझ्या मते, नाही. तिनं ‘झाडाला कमी पाण्यात जगवतो’ असं सांगितलं आणि ते करून दाखवलं. ‘तुमच्या गावाचं भूजल वाढवतो’ असं तिनं म्हटलं असेल, तर ते मात्र चूक. अनेक माहितीपत्रकांत हे दोन्ही एकाच वाक्यात कालवलेलं असतं, तिथं माझी हरकत आहे. एकाच्या बांधावर वाचलेलं पाणी आणि सगळ्यांच्या पायाखालचं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली विकता येते. दुसरीला गिऱ्हाईक नाही.

विजेचा हिशेब

हवामानाच्या बाजूनं पाहिलं तर पाण्यापेक्षा वीज महत्त्वाची. एक हजार लिटर पाणी १०० मीटर वर उचलायला, मोटर-पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर, ०.६८ युनिट लागतं. ५० मीटरवरून त्याच्या निम्मं.

आता आप्पांचं जुनं एकर घ्या: पाट, ८१ लाख लिटर, पाणी ५० मीटरवर. सुमारे २७५० युनिट. नवं एकर: ठिबक, ४४ लाख लिटर, पाणी १०० मीटरवर. सुमारे ३००० युनिट. वर ठिबकच्या फिल्टरला आणि नळ्यांना लागणारा दाब वेगळा. म्हणजे पाणी निम्म्यावर आणलं आणि वीज वाढली! केळीच्या बागा साडेपाच एकरांवर गेल्या, ते यात अजून धरलेलंच नाही.

भारतात एक युनिट विजेमागं सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आमच्याकडे त्यासाठी सरासरी बघायचीही गरज नाही. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या मळ्यातून दिसतात. साडेसात एचपीची मोटर आठ तास चालली की ४५ युनिट, म्हणजे रोज ३१ किलो.

आणि या विजेचं बिल? २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य सरकारनं वीज मोफत केली, पाच वर्षांसाठी. त्याआधीही बऱ्याच पंपांना एचपीवर ठोक आकारणी होती, युनिटवर नव्हती. ठिबकवर सरकार अल्पभूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत अनुदान देतं (केंद्राच्या योजनेतून ५५, राज्याच्या पूरक योजनेतून २५) आणि उपसा फुकट करतं. एका हातानं पाणी वाचवायला पैसे, दुसऱ्या हातानं उपसायला पैसे. सौर पंपाबाबतही हेच. कोळसा जळत नाही, हा मोठा फायदा खरा. पण ऊन असेतो मोटर बंद करायचं कुणाला काही कारण उरत नाही.

अनुदानाची दुसरी बाजूही या प्रकरणात आहे. २०१९ मध्ये आप्पांनी दोन एकरांच्या नळ्या बदलल्या. विक्रेत्यानं पूर्ण रक्कम आधी घेतली, अनुदान खात्यात यायला एक हंगाम उलटून गेला. विक्रेता कंपनीवर ढकले, कंपनी कृषी कार्यालयावर, कार्यालय निधीवर. आप्पांनी तेवढ्या काळासाठी सोसायटीचं कर्ज काढलं. उद्योगही यातून सुटला नाही. सरकारकडं अडकून पडणाऱ्या अनुदानाच्या उधारीवर धंदा करणं किती धोक्याचं, हे ठिबक क्षेत्रानं चांगलं अनुभवलं आहे. जैन समूहानं पुढं परदेशी विस्तार केला, कर्ज वाढलं, २०१९ मध्ये हप्ते थकले, २०२२ मध्ये बँकांसोबत कर्जाची पुनर्रचना झाली आणि २०२३ मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस कंपनीत विलीन झाला. अनुदान हे त्याचं एकमेव कारण नाही. पण हवामानाचं ओझं खासगी उद्योगाच्या पाठीवर द्यायचं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की त्या पाठीलाही बँकेचा हप्ता असतो.

बोअरगाडी हाही खासगी उद्योगच

या चर्चेत एक धंदा कुणी मोजतच नाही. मार्च लागला की गावात तामिळनाडूच्या पाटीच्या बोअरगाड्या येतात. बहुतेक तिरुचेंगोड भागातल्या. रात्री आठला काम सुरू, पहाटेपर्यंत तीनशे-चारशे फूट. धूळ, डिझेलचा वास, गावातली पोरं मोबाइलवर शूटिंग करत उभी. पाणी लागलं तर नारळ, नाही लागलं तरी फुटाप्रमाणे पैसे. त्यांची सेवा तत्पर असते, यंत्रं उत्तम असतात, माणसं कष्टाळू असतात. ठिबकवाला पाणी कमी लागेल असं यंत्र विकतो, बोअरवाला जास्त खोल जाईल असं. दोघांचंही गिऱ्हाईक एकच, आणि ते दोघांनाही पैसे देतं. बाजार हवामानाच्या बाजूचा किंवा विरुद्ध बाजूचा नसतो. जिथं मागणी आहे तिथं तो असतो.

विम्याचं थोडक्यात सांगतो, कारण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. हवामान आधारित फळपीक विम्यात खासगी कंपन्या आहेत आणि नोंद घ्यायला महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र आहे. ही केंद्रं २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात स्कायमेट या खासगी कंपनीनं उभारली, राज्यभर दोन हजारांहून जास्त. कल्पना चांगली आहे. पंचनाम्याची वाट न बघता नोंदीवरून भरपाई. पण जूनमधल्या वादळानं आप्पांची सातशे झाडं आडवी झाली, त्या संध्याकाळी मंडळातल्या केंद्रावर वारा ठरलेल्या वेगापर्यंत गेलाच नव्हता. सात किलोमीटरचं अंतर आहे मध्ये. विमा कंपनी म्हणाली, नोंद नाही. नियमानं तिचं बरोबरच होतं. आडवी झालेली झाडंही खरीच होती.

पांझरेकाठचा फड

याच खान्देशात, आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर तीन-चारशे वर्षांची फड पद्धती आहे. नदीवर छोटा बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. प्रत्येकाचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असायचा. पाणी कमी असेल त्या वर्षी कुठला फड कोरडा ठेवायचा ते सगळ्यांनी बसून ठरवायचं, म्हणजे तूटही सगळ्यांच्या वाट्याला सारखी. पाणी पाटकरी सोडणार. शेतकऱ्यानं स्वतः दार उघडायचं नाही. पाटकरी आणि जागल्या यांची मजुरी शेतकऱ्यांनीच द्यायची.

मी फडाचे गोडवे गाणारा नाही. धरणं आली, विहिरी आल्या आणि बरेच फड मोडले. जातीचे आणि घराण्यांचे हिशेबही त्यात होते. पण एक गोष्ट तिथं होती जी ठिबकच्या कुठल्याही पेटीत येत नाही: एकूण किती पाणी आहे हे आधी बघायचं आणि मग किती पेरायचं ते ठरवायचं. आमच्याकडे क्रम उलटा आहे. आधी रोपांचं बुकिंग होतं.

मग कंपन्यांनी करावं काय?

आप्पांची बाग डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. सगळ्या महाराष्ट्राला लागू पडेल असा माझा दावा नाही.

ठिबकच्या प्रत्येक संचाला फिल्टरजवळ पाण्याचं मीटर बसवता येतं. संचाच्या एकूण किमतीच्या मानानं तो खर्च थोडा असतो. कंपनीचा माणूस गावातल्या शंभर मळ्यांत जातोच. ती आकडेवारी तो गोळा करू शकतो आणि ग्रामपंचायतीला देऊ शकतो. आजवर एकाही कंपनीनं आमच्या गावात ते केलं नाही, कारण त्याचे पैसे कुणी देत नाही. सरकारनं अनुदानाची अट म्हणून हे मागितलं, तर उद्या सगळ्या कंपन्या करतील.

माझ्या मते यंत्र विकणाऱ्यापेक्षा जास्त ताकद माल घेणाऱ्याकडे आहे. रावेर-यावलची केळी आखाती देशांत जाते. निर्यातदाराचा माणूस बागेत येतो, घडावर पिशवी घातली का बघतो, फणीवर डाग आहे का बघतो, केळ्याची जाडी कॅलिपरनं मोजतो. मोटर किती फुटांवर आहे, हे मात्र विचारत नाही. त्यानं विचारायला सुरुवात केली आणि गावाच्या पाण्याच्या ताळेबंदावर भावात किलोला आठ आणे जरी फरक केला, तरी जे भूजल कायद्याला दहा वर्षांत जमलं नाही ते दोन हंगामांत घडेल, असं मला वाटतं. आप्पांचं म्हणणं वेगळं आहे: “भाव पडला की तोच व्यापारी गाडी फिरवून नेतो. तो काय पाणी पाहीन?” त्यांनी १९९०पासून व्यापारी पाहिलेत, मी नाही.

गेल्या वर्षी, २०२५च्या मे महिन्यात, आम्ही आठ-दहा केळीवाल्यांना पारावर बोलावलं. माझा प्रस्ताव अगदी साधा होता. बंदी नाही, दंड नाही. प्रत्येकानं आपली मोटर किती फुटांवर आहे आणि केळी किती एकर आहे, एवढं पंचायतीच्या भिंतीवर लिहायचं. पुढच्या मेमध्ये परत लिहायचं. सुरुवातीला चार जण तयार झाले.

पण त्याच आठवड्यात, १० मे रोजी, भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी महाकाय पुनर्भरण योजनेचा करार झाला होता. तापीचं पुराचं पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी आणून जमिनीत मुरवायचं, दोन्ही राज्यांचं मिळून ३१.१३ टीएमसी. योजना चांगली आहे आणि या भूगर्भाला शोभणारी आहे. पारावर मात्र तिचा परिणाम भलताच झाला. एक जण म्हणाला, आता नदीच येऊन राह्यली वावरात, भिंतीवर कशाले लिहायचं? दुसऱ्यानं शेजारच्या दोन एकरांत पण केळी टाकायचं ठरवलं. बैठक चहावर संपली. भिंतीवर एकच नाव लिहिलं गेलं, आप्पांचं, आणि तेही पावसाळ्यात पुसट झालं.

परवा रात्री आप्पांना फोन केला. रोपं आलीत का, थंडीत चरका बसला का, असं इकडचं तिकडचं बोलून झालं. ठेवताना मी सहज विचारलं, “यंदा वहीत काय?”

“पाईप २,” आप्पा म्हणाले. “आन् शेजारचा ४.”